बुद्धिबळाच्या आज्ञावलींतील शोधाची कार्यक्षमता व चालींचा क्रम : मापनाच्या पद्धती आणि मर्यादा

सारांश

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक आज्ञावलीचे सामर्थ्य ती दर सेकंदाला किती पटस्थिती तपासते यावरून ठरवण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात, किती पटस्थिती तपासण्याची गरजच पडली नाही, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुख्यतः चाली कोणत्या क्रमाने तपासल्या जातात यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अल्फा-बीटा छाटणीचे तत्त्व, चालींच्या क्रमाचे महत्त्व, कार्यक्षमता मोजण्याच्या प्रचलित पद्धती आणि त्या पद्धतींच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : शोधवृक्ष, अल्फा-बीटा छाटणी, चालक्रम, नोड, परिणामी शाखागुणक.

१. प्रस्तावना

क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संगणकाला बुद्धिबळ कसे खेळता येईल याची रूपरेषा मांडली. प्रत्येक स्थितीत सरासरी ३० नियमानुसार चाली आणि डावाची लांबी सुमारे ४० चाली असे गृहीत धरल्यास संभाव्य डावांची संख्या १० च्या १२० व्या घाताच्या घरात जाते, हे त्यांनी दाखवून दिले. दर मायक्रोसेकंदाला एक डाव तपासणाऱ्या यंत्रालाही पहिली चाल ठरवण्यास १० च्या ९० व्या घातापेक्षा अधिक वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तात्पर्य, बुद्धिबळात सर्व काही तपासून पाहणे हा मार्गच नाही. काय तपासायचे आणि काय सोडून द्यायचे, हाच या क्षेत्राचा मूळ प्रश्न आहे.

तरीही सामान्य चर्चेत वेगालाच महत्त्व मिळत आले. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५ विरुद्ध २.५ गुणांनी पराभूत केले, तेव्हा सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याची तिची क्षमता सर्वत्र चर्चिली गेली. याच्या उलट, २०१७ मध्ये ‘अल्फाझिरो’ या प्रणालीने ‘स्टॉकफिश’ या आज्ञावलीविरुद्ध १०० डावांची मालिका एकही डाव न गमावता जिंकली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती तपासत होती, तर स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. दोन्ही प्रणालींची यंत्रसामग्री व शोधपद्धती भिन्न असल्यामुळे आणि सामन्याच्या अटींवर आक्षेप घेतले गेल्यामुळे या निकालावरून फार मोठे अनुमान काढणे योग्य नव्हे. परंतु केवळ मोजलेल्या स्थितींची संख्या म्हणजे सामर्थ्य नव्हे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

मग कार्यक्षमता मोजावी कशी? हा प्रश्न बुद्धिबळापुरता मर्यादित नाही. कोणत्याही शोधपद्धतीचे मूल्यमापन करताना, मोजण्यास सोपी असलेली संख्या आणि खरोखर जाणून घ्यायची असलेली गोष्ट यांत अंतर पडते. बुद्धिबळात हे अंतर नेमकेपणाने दाखवता येते, म्हणून अध्यापनाच्या दृष्टीनेही हे उदाहरण उपयुक्त आहे.

२. अल्फा-बीटा छाटणीचे तत्त्व

शोधवृक्षाच्या मुळाशी पटावरील प्रचलित स्थिती असते. प्रत्येक चालीगणिक एक फांदी फुटते. एका पक्षाच्या एका चालीस येथे ‘अर्धचाल’ म्हटले आहे आणि वृक्षाची खोली अर्धचालींत मोजली आहे. वृक्षाच्या टोकाच्या स्थितींना मूल्यमापन फलाद्वारे गुण दिले जातात. पांढरा अधिकाधिक गुणांची, तर काळा कमीत कमी गुणांची चाल निवडतो, असे मानून मुळाचे मूल्य काढले जाते. या पद्धतीस मिनिमॅक्स म्हणतात.

अल्फा-बीटा छाटणी याच पद्धतीत काटकसर आणते. एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याकडे एक जरी पुरेसे प्रभावी उत्तर आहे असे दिसले, तर ती चाल नेमकी किती वाईट आहे हे शोधण्याचे कारण उरत नाही. ती आधी सापडलेल्या चालीपेक्षा वाईट आहे, एवढे कळले की काम भागते.

लहान उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पांढऱ्याला अ, ब आणि क अशा तीन चाली आहेत आणि प्रत्येकीला काळ्याची तीन उत्तरे आहेत, असे समजू. अ नंतरच्या उत्तरांचे गुण ४, ६, ७. ब नंतरच्या उत्तरांचे २, ५, ९. आणि क नंतरच्या उत्तरांचे १, ३, ८ आहेत. काळा प्रत्येक वेळी किमान गुणांचे उत्तर देणार असल्यामुळे अ चे मूल्य ४, ब चे २ व क चे १ ठरते. साहजिकच अ ही उत्तम चाल होय.

प्रथम अ तपासली, तर तिची तिन्ही उत्तरे पाहावी लागतात. त्यानंतर ब चे २ गुणांचे उत्तर सर्वांत आधी पाहिल्यास ब चे मूल्य ४ पेक्षा कमी हे लगेच कळते व उरलेली दोन उत्तरे सोडून देता येतात. क च्या बाबतीतही तसेच घडते. एकूण ९ पैकी ५ स्थिती तपासून काम होते. याउलट क, ब, अ या क्रमाने चाली तपासल्या, तर कोठेही छाटणी होत नाही आणि सर्व ९ स्थिती पाहाव्या लागतात. आता तिसरी शक्यता पाहू. अ ही चाल प्रथम घेतली, परंतु ब व क ची उत्तरे ९, ५, २ आणि ८, ३, १ अशा उलट क्रमाने घेतली, तर ३ अधिक ३ अधिक २, म्हणजे ८ स्थिती तपासाव्या लागतात. उत्तम चाल आधी घेऊनही फारसा लाभ झाला नाही, कारण वाईट चालींचे खंडन करणारे उत्तर वेळेवर सापडले नाही.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, तिन्ही वेळा उत्तर एकच आले. बदलले ते केवळ श्रम. दोन, चालींचा क्रम म्हणजे फक्त स्वतःच्या उत्तम चालीचा अंदाज नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या खंडनाचा अंदाजही तितकाच महत्त्वाचा आहे.

३. आदर्श क्रमाची गणिती सीमा

डोनाल्ड नूथ व रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये अल्फा-बीटा छाटणीचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रत्येक स्थितीत चालींची संख्या ‘श’ व खोली ‘ख’ असून चालींचा क्रम आदर्श असेल, तर तपासाव्या लागणाऱ्या टोकाच्या स्थितींची संख्या सम खोलीसाठी ‘श चा ख/२ वा घात, त्याची दुप्पट, वजा १’ एवढी येते. वरील उदाहरणात श = ३ व ख = २ असल्यामुळे ही संख्या ५ येते.

बुद्धिबळासाठी श = ३५ धरल्यास पुढील आकडे मिळतात.

खोली ४ : संपूर्ण वृक्ष १५,००,६२५, आदर्श क्रमाने २,४४९.
खोली ६ : संपूर्ण वृक्ष १,८३,८२,६५,६२५, आदर्श क्रमाने ८५,७४९.
खोली ८ : संपूर्ण वृक्ष सुमारे २.२५ लाख कोटी. आदर्श क्रमाने ३०,०१,२४९.

म्हणजेच आदर्श क्रमामुळे प्रत्येक अर्धचालीमागे वृक्षाची वाढ ३५ पटींऐवजी ३५ च्या वर्गमुळाइतकी, सुमारे ५.९२ पट होते. तेवढ्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोल पाहता येते. केवळ यंत्राचा वेग वाढवून ४ वरून ८ अर्धचालींपर्यंत जायचे तर वेग सुमारे १५ लाख पटींनी वाढवावा लागला असता. चालक्रमाचे महत्त्व या तुलनेतून स्पष्ट व्हावे.

प्रत्यक्षात आदर्श क्रम कोणालाच ठाऊक नसतो. तो ठाऊक असता तर शोधाचीच गरज नव्हती. म्हणून तो अंदाजाने साधावा लागतो.

४. चालक्रम साधण्याचे उपाय

प्रचलित आज्ञावली साधारणपणे पुढील क्रमाने चाली तपासतात.

(अ) पूर्वीच्या शोधात उत्तम ठरलेली चाल : १९६७ च्या सुमारास रिचर्ड ग्रीनब्लाट यांच्या ‘मॅक हॅक’ या आज्ञावलीने तपासलेल्या स्थिती स्मृतीत साठवण्याची सारणी वापरली. आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये अशा सारणीसाठी हॅश संख्या काढण्याची सोपी रीत दिली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील स्लेट व ॲटकिन यांच्या आज्ञावलीने १९७० च्या दशकात खोली एकेका अर्धचालीने वाढवत नेण्याच्या पद्धतीचा प्रभावी उपयोग केला. प्रथमदर्शनी ही पद्धत उधळपट्टीची वाटते. परंतु दर अर्धचालीला वृक्ष सहा पटींनी वाढत असेल, तर आधीच्या सर्व उथळ फेऱ्यांचा एकत्रित खर्च शेवटच्या फेरीच्या एकपंचमांशाइतकाच असतो. त्या फेऱ्यांत सारणीत साठलेल्या उत्तम चाली पुढील फेरीचा क्रम सुधारतात आणि हा खर्च भरून निघतो.

(आ) मारामारीच्या चाली : मोठा मोहरा लहान मोहऱ्याने मारण्याच्या चाली आधी घेतल्या जातात. प्याद्याने वजीर मारणे सर्वांत आधी, तर वजिराने संरक्षित प्यादे मारणे बरेच नंतर.

(इ) ‘किलर’ चाली : वृक्षाच्या त्याच पातळीवर शेजारच्या फांदीत ज्या शांत चालीने छाटणी घडवली, ती येथेही घडवील या अपेक्षेने आधी तपासली जाते.

(ई) पूर्वेतिहास : जोनाथन शेफर यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत, एखाद्या चालीने संपूर्ण शोधात किती वेळा उपयोग सिद्ध केला याची नोंद ठेवून उरलेल्या शांत चालींचा क्रम लावला जातो.

५. मापनाच्या पद्धती

५.१ चालनिर्मितीची शुद्धता : कार्यक्षमता मोजण्यापूर्वी आज्ञावली नियमानुसार सर्व चाली निर्माण करते की नाही, हे तपासणे आवश्यक असते. आरंभीच्या स्थितीपासून कोणतीही छाटणी न करता १ ते ५ अर्धचालींपर्यंत अनुक्रमे २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ व ४८,६५,६०९ मार्ग मिळाले पाहिजेत. या संख्यांत एकाचाही फरक पडल्यास पुढील सर्व मापने निरर्थक ठरतात. मात्र आरंभीच्या स्थितीत एवढ्या खोलीपर्यंत किल्लेकोट किंवा प्याद्याची बढती येत नसल्यामुळे इतर निवडक स्थितींवरही ही पडताळणी करावी लागते.

५.२ दर सेकंदाला तपासलेले नोड : हे मापन सर्वांत सोपे आणि तितकेच फसवे आहे. ते यंत्राची गती व संकेतलेखनाची गुणवत्ता सांगते; शोधाची गुणवत्ता सांगत नाही. शिवाय नोड कशास म्हणावे यावर एकमत नाही. काही आज्ञावली प्रत्येक केलेली चाल मोजतात, काही मूल्यमापन झालेल्या स्थितीच मोजतात. वृक्षाच्या टोकाशी केवळ मारामारीच्या चाली पाहणारा जो शांतीशोध चालतो, त्यातील नोड काही जण धरतात, काही वगळतात. त्यामुळे दोन भिन्न आज्ञावलींचे आकडे शेजारी मांडून तुलना करणे योग्य ठरत नाही.

५.३ विशिष्ट खोलीपर्यंतचे एकूण नोड व परिणामी शाखागुणक : एकाच आज्ञावलीत केवळ चालक्रम बदलून, त्याच स्थितींवर, त्याच खोलीपर्यंत लागलेले नोड मोजल्यास बदलाचा थेट परिणाम दिसतो. लागोपाठच्या दोन खोलींवरील नोडसंख्यांच्या गुणोत्तरास परिणामी शाखागुणक म्हणता येईल. सम व विषम खोलींत हे गुणोत्तर वरखाली होते, म्हणून दोन अर्धचालींचे गुणोत्तर घेऊन त्याचे वर्गमूळ काढणे अधिक विश्वसनीय ठरते.

५.४ पहिल्याच चालीत छाटणी होण्याचे प्रमाण : ज्या नोडवर छाटणी झाली, त्यांपैकी किती ठिकाणी ती पहिल्याच चालीने झाली, याची टक्केवारी काढली जाते. मार्सलंड व कॅम्पबेल यांनी १९८२ मध्ये ‘सुक्रमित’ वृक्षाची जी कसोटी मांडली, तीत ७० टक्के वेळा पहिली चाल उत्तम असणे आणि ९० टक्के वेळा उत्तम चाल पहिल्या चतुर्थांशात असणे अपेक्षित होते. पुढे ९० टक्के किंवा अधिक प्रमाण हे चांगल्या आज्ञावलीचे लक्षण मानले जाऊ लागले.

ही टक्केवारी उपयुक्त असली तरी एकटी पुरेशी नाही. समजा, एका आज्ञावलीत ९० टक्के छाटण्या पहिल्या चालीने व उरलेल्या १० टक्के विसाव्या चालीने होतात. तिची सरासरी २.९ चाली येते. दुसऱ्या आज्ञावलीत ८० टक्के छाटण्या पहिल्या आणि २० टक्के दुसऱ्या चालीने होतात. तिची सरासरी केवळ १.२ येते. टक्केवारी पाहिली तर पहिली सरस, सरासरी पाहिली तर दुसरी. म्हणून दोन्ही आकडे एकत्र देणे आवश्यक आहे. तसेच वृक्षातील बहुसंख्य नोड टोकाजवळ असल्यामुळे एकत्रित सरासरीत तेच वरचढ ठरतात. मुळाजवळच्या एका चुकीची किंमत कितीतरी अधिक असूनही ती सरासरीत दिसत नाही. खोलीनिहाय नोंद ठेवल्यास हा दोष टळतो.

चालक्रमातील ढिलाईची किंमत साध्या हिशेबाने काढता येते. छाटणीच्या नोडवर आदर्श क्रमात एकच चाल पाहावी लागते. तेथे सरासरी १.५ चाली पाहाव्या लागल्या आणि फसलेल्या प्रत्येक चालीचे खंडन तशाच क्रमाने झाले असे मानल्यास, ३५ चालींच्या वृक्षात शाखागुणक ५.९२ वरून सुमारे ६.१७ होतो, सरासरी २ चाली पाहाव्या लागल्यास तो सुमारे ६.४४ होतो. हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु तो चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढत जातो. दुसऱ्या उदाहरणात ८ अर्धचालींच्या खोलीवर श्रम सुमारे दुप्पट, तर २० अर्धचालींच्या खोलीवर सुमारे ५.४ पट होतात. म्हणून उथळ खोलीवर नगण्य ठरलेली सुधारणा अधिक खोलीवर मोलाची ठरू शकते.

६. मापनाची बदललेली भूमिका

येथवरच्या विवेचनात एक गृहीतक दडलेले आहे. चालक्रम कसाही असला तरी शोधाचे उत्तर तेच येते, म्हणून कमी नोड म्हणजे अधिक कार्यक्षमता, असे ते गृहीतक होय. शुद्ध अल्फा-बीटा छाटणीपुरते ते सत्य आहे. आधुनिक आज्ञावलींना मात्र ते लागू पडत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘शून्य चाल’ ही पद्धत रूढ होत गेली. एका पक्षाने आपली पाळी सोडून दिली तरी त्याची स्थिती उत्तमच राहते असे उथळ शोधातून दिसले, तर ती फांदी छाटली जाते. पुढे २००० नंतरच्या दशकात, क्रमात मागे असलेल्या चाली कमी खोलीपर्यंतच तपासण्याची पद्धत सर्वत्र स्वीकारली गेली. या पद्धतीत चालक्रम हा केवळ श्रमाचा प्रश्न राहत नाही. एखादी निर्णायक शांत चाल क्रमात पंचविसावी लागली, तर ती उथळपणे तपासली जाते आणि दृष्टीआड होण्याचा संभव असतो. पूर्वी चुकीच्या क्रमामुळे वेळ वाया जात असे. आता उत्तरच चुकू शकते.

याचा मापनावर थेट परिणाम होतो. अधिक चाली निष्काळजीपणे कापल्या की नोड कमी होतात, शाखागुणक घटतो आणि गाठलेली खोली वाढते. आकडे सुधारतात, खेळ मात्र बिघडतो. दोन आज्ञावली ‘२० अर्धचाली’ असे सांगत असल्या, तरी त्यांनी तपासलेले वृक्ष तुलनीय असतीलच असे नाही.

म्हणून निकालाशी जोडलेली मापने आवश्यक ठरतात. ज्ञात उत्तरे असलेल्या स्थितींच्या संचावर योग्य चाल सापडण्यास लागलेला वेळ मोजणे, हा पहिला मार्ग. इव्हान ब्राट्को व डॅनी कोपेक यांनी १९८२ मध्ये सादर केलेला २४ स्थितींचा संच यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु अशा संचांत चमकदार बलिदानांचे प्रमाण अधिक असल्यास सामान्य स्थितींतील वर्तन त्यावरून कळत नाही. शिवाय वारंवार त्याच संचावर आज्ञावली घासूनपुसून घेतल्यास ती त्या संचापुरतीच तरबेज होते.

दुसरा व अंतिम मार्ग म्हणजे प्रत्यक्ष डाव. येथे संख्याशास्त्राचे भान हवे. १०० डावांत ५५ टक्के गुण मिळाल्यास सुमारे ३५ एलो गुणांची आघाडी दिसते. परंतु बरोबरी नसलेल्या १०० डावांत प्रमाण त्रुटी ५ टक्क्यांची असते, म्हणजे ही आघाडी निव्वळ योगायोगही असू शकते. चालक्रमातील एखादी सुधारणा बहुधा थोडक्याच गुणांची असते. ५ एलो गुणांचा फरक म्हणजे केवळ ५०.७ टक्के गुण. तो विश्वासाने ओळखण्यास हजारो डाव खेळवावे लागतात. स्टॉकफिशच्या विकासात २०१३ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर असे डाव खेळवले जातात आणि अब्राहम वाल्ड यांच्या अनुक्रमिक कसोटीनुसार बदल स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरते.

७. निष्कर्ष

(१) दर सेकंदाचे नोड हे यंत्र व संकेतलेखन यांचे मापन आहे. शोधाच्या गुणवत्तेचे नव्हे.

(२) उत्तर न बदलणाऱ्या शोधात चालक्रमाचे मूल्यमापन एकूण नोड, शाखागुणक, पहिल्या चालीतील छाटणीचे प्रमाण व छाटणीपर्यंतच्या चालींची सरासरी यांनी करता येते. मात्र हे आकडे एकत्र व खोलीनिहाय दिले पाहिजेत.

(३) चाली वगळणाऱ्या किंवा उथळपणे तपासणाऱ्या शोधात हीच मापने निदानापुरती उपयोगी पडतात. त्यांवरून सरसता सिद्ध होत नाही. त्यासाठी पुरेशा संख्येने खेळलेले डावच लागतात.

(४) विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात नोडची व्याख्या, वापरलेल्या स्थिती, खोली, कोणती छाटणी चालू होती व कोणती बंद, आणि किती डाव खेळवले यांची नोंद असावी. प्रथम शुद्ध अल्फा-बीटावर चालक्रम तपासून नंतरच इतर छाटणी जोडावी, म्हणजे कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे वेगळे ओळखता येते.

मापन हे आकलनाचे साधन आहे. साधनालाच साध्य मानले, तर आज्ञावली आकडे सुधारण्यात तरबेज होते आणि पटावर मात्र मात खाते. कोणता आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे आधी तपासणे, हीच या विषयाची विद्यार्थ्यांना व अध्यापकांना होणारी खरी मदत होय.